घरच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स कसा वाढवावा

आमचा द्राक्षमळा वणीच्या अलीकडे आहे. डांबरी सोडली की सव्वा किलोमीटर पाणंद. उन्हाळ्यात त्या पाणंदीवरून कुठलीही छोटी गाडी येते. पण ऑक्टोबर छाटणी झाली आणि परतीचा पाऊस लांबला, की डावणीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) धास्तीने फवारणीचा ट्रॅक्टर रोज फिरतो, कधी दिवसातून दोनदा. काळ्या मातीत त्याच्या चाकोऱ्या वीतभर खोल जातात आणि मधे वरंबा उभा राहतो. गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह असली तरी पोट त्या वरंब्यावर टेकलं, की चारही चाकं जागच्या जागी फिरतात. अशाच एका संध्याकाळी गुडघे दुखणाऱ्या आईला चिखलातून हाताला धरून चालवत नेलं आणि गाडी उंच करायची हे त्याच रात्री ठरवलं.

पहिल्यांदा ते चुकीच्या पद्धतीने केलं. नाशिकच्या एका गॅरेजमध्ये गेलो, ४० मिलिमीटरचे स्पेसर (सस्पेन्शनमध्ये घालून गाडी वर उचलणाऱ्या जाड चकत्या) बसवून घेतले आणि त्याच दिवशी घरी आलो. ॲलाइनमेंट नाही, बाकी काही तपासणी नाही. चार महिन्यांत पुढच्या डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुटाला चीर पडली, ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालं आणि पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड झिजली. ते स्पेसर काढले आणि सगळं काम पहिल्यापासून केलं. दुसऱ्या वेळी ज्या क्रमाने केलं, तोच क्रम इथे लिहितो. आमची गाडी मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चेसिस नाही; चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पुढे-मागे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॉप्सर एकाच खांबात. तुमची वेगळी असेल तर कुठे काय बदलतं तेही त्या त्या ठिकाणी सांगतो.

आधी टेकतं कुठे ते बघा

कॅटलॉगमध्ये छापलेला ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमीन ते गाडीचं पोट एवढ्या अंतराचा, आकडा बाजूला ठेवा. तो बऱ्याचदा रिकाम्या गाडीचा असतो. आपल्याला हवा आहे तो पाच माणसं, डिकीत सामान आणि टाकीत डिझेल असतानाचा. सोसायटीच्या पार्किंगमधली सपाट फरशी शोधा, टायरमध्ये भरल्या गाडीची हवा भरा, घरच्यांना आत बसवा आणि लाकडी पट्टी घेऊन खाली वाका. चेंबर गार्ड (इंजिनच्या तेलाच्या चेंबरखालचा पत्रा), सायलेन्सरचा सगळ्यात खालचा वाक, मागचे खालचे आर्म, मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा), टो हुक असला तर तो, असं प्रत्येकाचं माप वहीत लिहा. आमच्या गाडीचा कॅटलॉगमधला आकडा २१० मिलिमीटर होता. भरल्या गाडीच्या चेंबर गार्डखाली पट्टी १६८ दाखवत होती.

मग खरोखर काय घासतं ते शोधायचं. याला सोपी युक्ती आहे: गाडीच्या पोटाच्या खालच्या भागांवर ब्रशने पातळ चुना मारा, वाळू द्या आणि नेहमीच्या वाईट रस्त्यावरून जाऊन या. जिथला चुना पुसला गेला तिथे टेकतंय. यातून निघणाऱ्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पुढच्या बंपरची खालची कडा घासत असेल, तर अडचण चढणीच्या कोनाची आहे आणि ती प्लास्टिकची पट्टी काढून किंवा बंपरचा आकार पाहून सुटू शकते. मागचा टो हुक घासत असेल, तर तो काढून ठेवा. गतिरोधकावर मधला भाग टेकत असेल, तर दोन चाकांमधलं अंतरही त्यात आलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावर कुठलीही धडधाकट गाडी टेकायला नको. गल्लीबोळात लोकांनी स्वतः घातलेले अरुंद, टोकदार उंचवटे ही वेगळी गोष्ट, आणि ते तिरपे, एकेक चाक चढवत पार केले तर बहुतेक वेळा निभावतं. आमचा पुसलेला चुना मात्र सगळा चेंबर गार्डवर आणि सायलेन्सरच्या वाकावर होता, म्हणजे लांबट वरंब्याचा प्रश्न. तिथे पोटाखालचे मिलिमीटरच उपयोगाचे.

रस्ताही मोजा. हे कोणी करत नाही, पण किती उचलायचं हे इथेच ठरतं. पाणंदीत सात-आठ ठिकाणी चाकोरीच्या तळापासून वरंब्याच्या माथ्यापर्यंत काठी लावली. सगळ्यात वाईट जागी १९० निघाले. ओल असताना चाक आणखी थोडं रुतणार. म्हणजे भरल्या गाडीला २१० ते २२० मिळाले तर काम झालं. त्यापलीकडच्या उचलीची आम्हाला गरजच नव्हती, हे त्या काठीने सांगितलं.

एक जुनी सवयही सोबत ठेवा. वरंबा दोन चाकांच्या मधे घेण्याऐवजी एक चाक वरंब्यावर आणि दुसरं चाकोरीच्या बाहेरच्या काठावर ठेवून चालवा. माती भुसभुशीत नसेल तर यात एक पैसा खर्च न होता वीतभर जागा मिळते. घसरणाऱ्या ओल्या काळ्या मातीत मात्र चाक पुन्हा चाकोरीत सरकतं आणि गाडी तिरपी होऊन बसते, तेव्हा हे करू नका.

गेलेली उंची परत मिळवा

आठ-दहा वर्षांच्या गाडीच्या स्प्रिंगा बसतात. ते हळूहळू होतं, म्हणून लक्षात येत नाही. चाकाच्या हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजा. यात टायरचा संबंध येत नाही, त्यामुळे माप स्वच्छ मिळतं. तुलनेसाठी सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा घ्या, किंवा त्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी ओळखीत शोधा. आमची पुढे १५ आणि मागे २२ मिलिमीटर खाली बसली होती. मागे जास्त, कारण द्राक्षाचे क्रेट आणि औषधांचे डबे तिनेच वाहिले आहेत.

चारही स्प्रिंगा कंपनीच्याच मापाच्या नव्या घातल्या. शॉकॉप्सर, स्ट्रटचे वरचे रबर माउंट, बंप स्टॉप आणि लिंक रॉडही त्याच वेळी बदलले, कारण स्ट्रट एकदा उघडल्यावर मजुरी तीच पडते. स्प्रिंगा नेहमी जोडीने बदला, एका बाजूची एकच कधीही नको. आणि स्प्रिंग बदलण्याचं काम घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा किंवा मनगट मोडण्याइतका जोर असतो, साध्या हुकाचा कॉम्प्रेसर घसरला तर सावरायला वेळ मिळत नाही. भिंतीला पक्का बसवलेला स्प्रिंग प्रेस ज्या गॅरेजमध्ये आहे तिथेच हे काम द्या.

या कामाला लिफ्ट कुणी म्हणत नाही, पण गाडीचा एकही कोन न बिघडवता मिळणारी उंची हीच. माझ्या ओळखीतल्या दोघांचं काम एवढ्यावरच भागलं, पुढे जावंच लागलं नाही.

टायर

टायरने मिळणारी उंची खरी, कारण तिने गाडीच्या खालची प्रत्येक गोष्ट वर जाते, एक्सलसकट. थारचा मागचा एक्सल आणि जिमनीचे पुढचे-मागचे दोन्ही एक्सल अखंड आहेत, म्हणजे दोन्ही चाकं एकाच कडक दांड्याला जोडलेली. अशा गाड्यांना स्प्रिंग किंवा स्पेसर कितीही लावा, बॉडी वर जाते, पण डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. तो उचलायचा एकमेव मार्ग म्हणजे मोठा टायर. आपल्याच नाशिकच्या कारखान्यात बनणारी थार २२६ मिलिमीटरच्या क्लिअरन्सने येते, त्यामुळे ती घेणाऱ्यांनी तर हात लावण्याआधी दहा वेळा विचार करावा.

हिशोब सोपा आहे. २१५/६५ आर १६ हे आपल्याकडच्या बऱ्याच एसयूव्हींचं माप. २१५ ही रुंदी, तिच्या ६५ टक्के म्हणजे १३९.७५ मिलिमीटर टायरची बाजू, आणि १६ इंचाची रिम ४०६.४ मिलिमीटरची. दोन बाजू अधिक रिम: ६८५.९. तोच टायर २१५/७० घेतला तर व्यास ७०७.४ होतो. फरक २१.५, पण टायरचा वरचा अर्धा भाग आपल्या उपयोगाचा नाही, म्हणून क्लिअरन्स वाढतो त्याच्या निम्मा, पावणेअकरा मिलिमीटर. स्पीडोमीटर सुमारे ३ टक्के कमी दाखवू लागतो: काटा १०० वर असताना गाडी १०३ ने चाललेली असते. २२५/७० घेतला तर क्लिअरन्स पावणेअठरा वाढतो, पण वेगातला फरक ५ टक्क्यांच्या पुढे जातो, गिअर जड वाटायला लागतात आणि पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला किंवा स्ट्रटच्या स्प्रिंग सीटला घासण्याची शक्यता वाढते. आम्ही २१५/७० वर थांबलो. जुन्या टायरची नक्षी झिजून ३ मिलिमीटरवर आली होती, नव्याची ८ होती, म्हणजे ५ मिलिमीटर नुसत्या नवेपणाचे मिळाले.

मोठा टायर ठरवण्याआधी गाडी पूर्ण भरून, स्टिअरिंग एका टोकाला नेऊन, एक चाक ठोकळ्यावर चढवा आणि हात घालून बघा. बोट जाईल एवढी जागा सगळीकडे हवी. टायरचा लोड इंडेक्स (वजन पेलण्याच्या क्षमतेचा आकडा) मूळच्यापेक्षा कमी असता कामा नये.

आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत हे विसरू नका: टायर चारही एकदम, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, शक्य तर स्टेपनीसकट पाच. पुढचे-मागचे टायर कमीजास्त घेराचे असले तर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि मधल्या कपलिंगला तो फरक सतत पचवावा लागतो. ते तापतं, आणि ते बदलण्याचा खर्च पाच टायरांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

इथवर आमचा हिशोब असा झाला: १६८ मध्ये स्प्रिंगांचे १५, नव्या नक्षीचे ५ आणि मापाचे १०. भरल्या गाडीखाली १९८. वरंबा १९०. आणखी २० हवे होते.

स्पेसर, आणि तो किती

स्पेसरचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचा परिणाम सारखा नाही. एक बसतो स्ट्रटच्या डोक्यावर, स्ट्रट आणि बॉडीच्या मधे. त्याने अख्खा स्ट्रट तेवढा खाली सरकतो. शॉकॉप्सरची चाल तशीच राहते, पण चाक पूर्ण लोंबल्यावर ड्राइव्ह शाफ्ट, बॉल जॉइंट आणि ब्रेकची नळी यांना पूर्वीपेक्षा जास्त ताण बसतो. माझा बूट फाटला तो यानेच, कारण ४० मिलिमीटर आमच्या शाफ्टला झेपणारे नव्हते. दुसरा बसतो स्प्रिंगच्या बैठकीखाली. यात शाफ्टचा शेवटचा कोन पूर्वीइतकाच राहतो, पण गाडी वर उभी राहिल्यामुळे चाकाची खाली जाण्याची चाल तेवढी कमी होते. मग गतिरोधक उतरताना शॉकॉप्सर पूर्ण ताणला जाऊन आतून ठणका ऐकू येतो. स्प्रिंग शॉकॉप्सरपासून वेगळी, आर्मवर आतल्या बाजूला असेल, तर आणखी एक गोष्ट: तिथे २० चा स्पेसर चाकाला २० पेक्षा जास्त उचलतो, म्हणून आधी पातळ घालून मोजा.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या घरगुती गाडीला २० ते २५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. ३० च्या पुढे शाफ्टचे कोन, टाय रॉडचा उतार, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) सगळंच मागे लागतं. गाडी जितकी वर, तितकी घाटात जास्त कलते. मागच्या सीटवर मुलं असतात, आणि वणीहून सापुताऱ्याकडे जाताना ती वळणावर आधी गप्प होतात आणि मग उलटी करतात. आईच्या गुडघ्यांसाठी तर प्रत्येक सेंटिमीटर जड आहे. आमच्याकडे तिच्या दाराला ग्रॅब हँडल होतं, तरी एक छोटी लाकडी पायरी डिकीत ठेवावी लागलीच.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी बफरही मिळतात. मला ते पसंत नाहीत. ज्या वेटोळ्यांत बफर अडकतो ती काम करायची थांबतात, स्प्रिंग कडक होते, आणि उंची मिळते ती जेमतेम. जास्त वजन नेहमीच वाहायचं असेल तर जड, थोड्या उंच स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकॉप्सर असा जोडसंच घेणं स्पेसरपेक्षा चांगलं, फक्त महाग. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे वेगळी चेसिस असलेल्या, गाड्यांवर चेसिस आणि बॉडीच्या मधे ठोकळे घालून बॉडी उचलतात. त्याने मोठ्या टायरला जागा होते, पण चेसिस आणि एक्सल होते तिथेच राहतात, म्हणजे क्लिअरन्स शून्य वाढतो.

नाशकात बरेच जण अंबड किंवा सातपूरच्या वर्कशॉपमध्ये स्पेसर टर्न करून घेतात. त्यात वाईट काही नाही, पण ड्रॉइंग देऊन करा. मटेरियल ६०६१ टी-६ ॲल्युमिनियम किंवा माइल्ड स्टील. नायलॉन नको, कसलेल्या नटाखाली ते कालांतराने दबतं आणि नट सैल होतो. दोन्ही तोंडं समांतर हवीत. बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे, आणि नट पूर्ण बसून वर दोन आटे दिसले पाहिजेत. मूळ स्टडची लांबी स्पेसरने खाल्ली आणि नट अर्ध्या आट्यांवर उभा राहिला, अशी गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या स्ट्रटवर गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्याचं पूर्ण वजन होतं.

बसवताना

स्ट्रटच्या डोक्यावरचा स्पेसर स्प्रिंग न दाबता बसतो, म्हणून हे काम चांगला मेकॅनिक तुमच्यासमोर अर्ध्या दिवसात करू शकतो. समोर उभे राहा.

सपाट जागा, मागच्या चाकांना ओट, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल. गाडी जॅकने उचलून घोडीवर टेकवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये. दोन्ही बाजू एकदम उचला, नाहीतर अँटी-रोल बारचा ताण लिंक रॉडवर येतो आणि बोल्ट निघता निघत नाही. नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) स्ट्रट जोडणाऱ्या दोन बोल्टांची जागा पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवा, कॅम्बर परत त्याच जागी आणायला ती लागते. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ब्रॅकेटमधून सोडवा. बोल्ट काढल्यावर नकल सुतळीने आतल्या बाजूला बांधा. ती बाहेर कलंडली तर ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटतो आणि नळी ताणली जाते.

मग बॉनेटखालचे वरचे तीन नट काढायचे. फक्त बाहेरचे तीन. मधला मोठा नट स्प्रिंगला धरून ठेवतो, त्याला पाना लावायचा नाही. स्ट्रट खाली घ्या, स्पेसर ठेवा, परत चढवा. सेल्फ-लॉकिंग नट नवेच वापरा आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला कसा.

बहुतेक गॅरेज एक पायरी गाळतात. खालच्या आर्मच्या बुशचे बोल्ट सैल करून ठेवा आणि गाडी चाकांवर जमिनीवर उभी राहिल्यानंतर, तिच्या नव्या उंचीवर, ते कसा. चाक लोंबत असताना कसले तर बुशमधलं रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आल्यावर पिळवटतं आणि काही महिन्यांत फाटतं. तोवर उंचीचं मापही खरं मिळत नाही.

गाडी खाली उतरवण्याआधी चाक पूर्ण लोंबलेलं असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन चाक हाताने फिरवा. शाफ्ट कुठे अडतोय का, बूट स्वतःवर घासतोय का, नळी तारेसारखी ताणली आहे का, बघा. यातलं एक जरी असेल तर स्पेसर पातळ करा.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत मागचा डिफरन्शियल बॉडीबरोबर वर जातो, त्यामुळे लांब प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलत नाही. अखंड एक्सलच्या गाडीत बदलतो, आणि जिमनीसारख्या गाडीत आडवा रॉड एक्सलला एका बाजूला ओढतो, पुढचा कॅस्टरही (स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा कोन) कमी होतो. तिथे ॲडजस्टेबल रॉड आणि कॅस्टरचे बुश हिशोबात धरा. जुन्या काही गाड्यांत मागच्या एक्सलजवळ भारानुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली की त्याला ती रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवणं हे ब्रेकचं काम आहे, टाळू नका.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. म्हणून काम सुरू करण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन विचारा, आणि विमा कंपनीला बदलाची कल्पना लेखी द्या. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली पाहतोच. स्प्रिंगा नव्या घालणं ही दुरुस्ती आहे आणि निर्मात्याने त्याच मॉडेलला दिलेल्या मापाचा टायर ही सगळ्यात निर्धोक जागा, यासाठीही मी ते दोन टप्पे आधी ठेवले.

पहिले हजार किलोमीटर

गॅरेजमधून थेट ॲलाइनमेंटला जा. गाडी उचलली की मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये चाकं वरून बाहेर कलतात आणि टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप, बदलतो, टायरची कड त्यानेच खाल्ली जाते. टो सरळ झाला तरी कॅम्बर पॉझिटिव्ह राहत असेल, तर कॅम्बर बोल्ट मिळतात, ते लावून घ्या. ॲलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनरवर परत बसवून घ्या, नाहीतर ईएसपीचा (घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू शकतो. काचेवर कॅमेरा असलेली नवी गाडी असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही.

हेडलाइट खाली करा. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून, लो बीमची वरची कडा हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडते का बघा. कसाऱ्याच्या घाटात समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत आपला उजेड जाता कामा नये.

सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर आधी ३०, मग ५० च्या वेगाने ब्रेक मारून बघा, गाडी एका बाजूला ओढत नाही ना. १०० किलोमीटरला सगळे नट परत टॉर्कवर तपासा. हजार किलोमीटरला स्प्रिंगा बसून स्थिर होतात, तेव्हा ॲलाइनमेंट पुन्हा करून घ्या आणि दर सर्व्हिसला शाफ्टच्या बुटांवरून हात फिरवा, बोटाला ग्रीस लागतं का बघा.

क्लिअरन्स वाढला म्हणून पाण्यात जायची खोली फारशी वाढत नाही, इंजिन हवा ओढतं ते तोंड साधारण ५ सेंटिमीटरच वर गेलेलं असतं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी अलीकडेच थांबवा.

परवा भरल्या गाडीखाली पट्टी परत लावली. चेंबर गार्डखाली २१६ आले, हिशोबापेक्षा दोन कमी. चुना पुन्हा मारून पाणंदीतून दोनदा जाऊन आलो. सायलेन्सरच्या वाकावर एका ठिकाणी बोटभर पुसला होता, बाकी सगळा जसाच्या तसा.